माथ्यावरचा नारळ

नवस बोलताना मी घोडचूक केली. आमच्या यांची, म्हणजे राजाभाऊंची, बायपास चालू होती, मी दोह्याच्या हॉस्पिटलात बाकावर बसले होते आणि घाबरून बोलून गेले, ‘‘देवा, हे बरे झाले तर आम्ही दोघं डोंगराचा माथा गाठू आणि तिथे नारळ फोडू.’’ आता कतारमध्ये डोंगर कुठून आणायचा?

‘‘फ्लायओव्हर चालेल का, विचार देवाला,’’ घरी आल्यावर हे म्हणाले.

शेवटी यंदाच्या ईदच्या सुट्टीत मॉरिशस गाठलं. चढ चिखलाचा, झाडी दाट, वर नुसतं धुकं. हे पुढे होते. एका खडकापाशी थांबून ओरडले, ‘‘आला माथा! खलास!’’ मी नारळ फोडला, रडले, फोटो काढला.

काल शेजारची समीना चहाला आली. ती नवऱ्याबरोबर तोच डोंगर चढून आलेली. फोटो बघून म्हणाली, ‘‘सरोज, ये टॉप नहीं है. टॉप पे तो लोहे का खंभा है. यहाँ से और ऊपर जाना पड़ता है.’’

माझं डोकंच चालेना. म्हणजे नवस फिटला की नाही? वाटेतला नारळ देव धरतो का? नाशिकला आईला फोन केला, ती म्हणाली धरतो. नणंद म्हणाली, मुळीच नाही. मग वाटलं, धुक्यात यांना तरी काय दिसणार! पण दिसलं नाही तर ‘आला’ म्हणून ओरडले कसे? राग यांच्यावर काढावा की धुक्यावर, तेच कळेना.

संध्याकाळी हे ऑफिसातून आले तेव्हा मी दारातच उभी होते. लिफ्ट उघडली. ऑपरेशननंतर हट्टाने जिना चढणारा हा माणूस मॉरिशसहून आल्यापासून लिफ्टने येत होता, आणि मी ‘आळशी झालात’ म्हणून चिडवत होते.

‘‘अहो, तो माथा नव्हता ना?’’

हे बूट काढायला वाकले आणि तसेच राहिले. ‘‘नव्हता.’’

‘‘मग खोटं का बोललात?’’

‘‘छातीत दुखायला लागलं होतं. सांगितलं असतं तर तुला वाटलं असतं, देवाने ऐकलंच नाही.’’

नवसाचं काय झालं, ते मला अजूनही कळलेलं नाही. मी गाडीची किल्ली घेतली.

‘‘बूट काढू नका,’’ म्हटलं, ‘‘हॉस्पिटलात जायचंय.’’