वाकलेला व्हॉल्व्ह

नेत्राने व्हॉल्व्ह आरशाच्या काचेवर आडवा ठेवला आणि बोटाने लोटला. सरळ दांडी गपगुमान घरंगळते. ही अडखळत, उड्या मारत गेली आणि बळवंतच्या पायाशी पडली.

"वाकलाय," ती म्हणाली.

"ते आंधळ्यालाही दिसतं. वाकवला कुणी?"

प्रश्न बापाचा होता आणि साधा नव्हता. काल नारळी पौर्णिमेला, वेसाव्याच्या बंदरात पूजा झाल्यावर, होडीचं इंजिन पहिल्यांदाच नेत्राने सुरू केलं होतं. विक्रोळीच्या कारखान्यातली आठ वर्षांची नोकरी सोडून ती घरच्या होडीवर आली होती ती याच दिवसासाठी. चार ठोके पडले, खाडकन आवाज आला आणि इंजिन बंद. गल्लीने लगेच निकाल दिला: पोरीला हातगुण नाही. बळवंत तसं बोलला नाही, पण इंजिनावर आता पुतण्याला, यज्ञेशला बसवतो, हे त्याने जेवताना सांगून टाकलं.

नेत्रा काही घाबरली नव्हती. आपल्याला काम येतं हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिने दांडीवरचा गंजाचा पट्टा दाखवला, पिस्टनच्या माथ्यावर उमटलेली खूण दाखवली. पावसाळ्यात होडी दोन महिने किनाऱ्यावर. खारी, दमट हवा आत शिरली, व्हॉल्व्ह गंजून उघडाच अडकला आणि काल खालून पिस्टन येऊन त्याच्यावर आदळला. उपायही सोपा होता. पावसाळाभर आठवड्यातून दोनदा तेल सोडायचं आणि इंजिनाचं चाक हाताने फिरवायचं, म्हणजे पुन्हा अडकणार नाही.

बळवंतने मान हलवली. पूजेआधी इंजिनाला हात लावायचा नाही, हा त्याच्या बापाने घालून दिलेला नियम, आणि तो पाळल्याचा त्याला भारी अभिमान होता.

"तीस वर्षं हात लावला नाही. तीस वर्षं काही झालं नाही. मग याच वर्षी का?"

 एवढं एकच नेत्राला सापडत नव्हतं. नाचता येईना अंगण वाकडं, असं पुटपुटत बळवंतने यज्ञेशला फोन लावला. नेत्राचे डोळे रागाने भरून आले.

ओट्यावर जवळा निवडत बसलेल्या सरूबाईने सूप खाली ठेवलं.

"याच वर्षी, कारण मला होडीवर चढता आलं नाही," ती नवऱ्याला म्हणाली. "गुडघ्याचं ऑपरेशन झालं ना मे महिन्यात."

 तिने लेकीला नीट समजावून सांगितलं. एवढी वर्षं पावसाळ्यात दर मंगळवारी आणि शनिवारी, हे पत्ते खेळायला गेले की ताडपत्रीखाली शिरायचं. आधी तेल, मग चाकाचे दहा फेरे, आणि निघताना तेलाचे डाग पुसायचे. तिच्या माहेरच्या होडीचं इंजिन एका पावसाळ्यात असंच अडकलं होतं, तेव्हापासून तिला हे माहीत होतं.

बळवंतला आधी राग आला, मग लाज वाटली. फोनमध्ये यज्ञेश हॅलो हॅलो करत होता.

"माझ्या बापाचा नियम ठाऊक होता ना तुला?"

"तुमच्या बापाने तो तुम्हाला सांगितला," सरूबाई म्हणाली. "मला कुणी सांगितलाच नाही."

 बळवंतने फोन कानाला लावला.

"यज्ञेश, कुर्ल्याला जाऊन नवा व्हॉल्व्ह घेऊन ये. कुठला आणायचा, ते आमच्या इंजिनवालीला विचार."

आणि त्याने फोन नेत्राच्या हातात दिला.