शून्य नंबरची मशीन

सकाळपासून भिंगरीचा पाय जमिनीवर ठरत नव्हता. अकरा वाजता कंपनीच्या मोठ्या बाई मशीनच्या खोलीत येणार होत्या, आणि खोली ठेवायची की तिला कुलूप लावायचं हे तिथेच सांगणार होत्या. कुलूप लागलं की सगळं काम भाड्याच्या क्लाउडवर, म्हणजे दुसऱ्याच्या मशिनींवर, जाणार आणि खोली सांभाळणारे मामा फाटकावर वही घेऊन बसणार. ऑफिसात सगळेच त्यांना मामा म्हणत. भिंगरीचे मात्र ते खरे मामा. लहानपणी एका जागी बसत नाही म्हणून हे नाव त्यांनीच ठेवलं होतं, आणि पहिला कीबोर्डही त्यांनीच तिच्या हातात दिला होता.

कंपनीचं काम म्हणजे शाळेच्या बसगाड्या कुठवर आल्या हे पालकांना दाखवणं. ते चालायचं मशिनींच्या जुडीवर, म्हणजे क्लस्टरवर. अशी जुडी उभी करणं, वाढवणं, काम संपलं की मोडणं, हे सारं एक टूल करत असे. त्याला नुसती फर्माईश लिहून द्यायची: तीन मशिनी हव्यात. भाड्याच्या क्लाउडशी बोलायला टूलला तयार प्लगइन, म्हणजे मधला दुभाषी प्रोग्राम, मिळत होतं. या खोलीतल्या जुन्यापुराण्या मशिनींशी बोलणारं प्लगइन जगात दुसरं कोण कशाला लिहील? भिंगरीने सहा महिने डोकेफोड करून ते लिहिलं होतं.

बाई आल्या. भिंगरीने फर्माईशीतली एकच ओळ बदलली, क्लाउडचं नाव खोडून खोलीचं घातलं, आणि बटण दाबलं. क्षणभर ढिम्म काही हललं नाही. मग एक पंखा घुमला, पाठोपाठ दुसरा, तिसरा. चार मिनिटांत जुडी उभी राहिली आणि भिंतीवरच्या पडद्यावर बसगाड्यांचे पिवळे ठिपके सरकू लागले. भिंगरीला आनंदाने ओरडावंसं वाटत होतं. तिने कसेबसे ओठ दाबून धरले.

"आधीच रेकॉर्ड करून ठेवलेलं नाही ना हे?" बाई म्हणाल्या. "मला मामा बनवू नका."

"मामा मी आहे, बाई," मामा म्हणाले. "ती जागा रिकामी नाही."

बाई हसल्या, पण मुद्दा सोडला नाही. "आणि मशीन बंद पडली तर? त्या एक नंबरची वायर ओढा बरं."

"ओढा, मामा," भिंगरी ऐटीत म्हणाली. एक नंबर जुडीतलीच होती. ती गेली की टूल आपणहून दुसरी मोकळी मशीन कामाला लावतं, हे तिने पन्नासदा पाहिलं होतं.

मामांनी वायर ओढली. ठिपके सरकत राहिले, पण शेजारचा टूलचा पडदाच काळा पडला.

भिंगरी रॅककडे धावली. बंद मशीनवर कोरी करकरीत पट्टी होती: १.

"मामा, ही शून्य नंबर. खुद्द टूल हिच्यावर बसलेलं असतं."

मामांचा चेहरा उतरला. "काल सगळ्या पट्ट्या नव्या केल्या गं, बाई येणार म्हणून. शून्यापासून कुणी मोजतं का? मी आपल्या एकपासून लावल्या."

भिंगरीने कपाळावर हात मारला. तिच्या धंद्यात सगळेच शून्यापासून मोजतात, आणि हे मामांना सांगायचं तिला कधी सुचलंच नव्हतं.

"वायर परत लावू?" मामांनी हळूच विचारलं.

"नको." ती बाईंकडे वळली. "मशीन मेलीच असं धरू या."

टूलच्या नोंदींची नक्कल तिच्या लॅपटॉपवर होती. टूल तिथे सुरू करता येणार होतं. पण सुरू झाल्याझाल्या ते प्लगइनला विचारणार, तीन मशिनी आहेत का? प्लगइनने चालत्या मशिनी ओळखल्या तर ठीक. नाही ओळखल्या, तर त्या पुसून नव्याने उभ्या करायला घेणार, आणि बाईंच्या डोळ्यांदेखत सगळे ठिपके विझणार. आधी बघ, मग बनव, असं तिने प्लगइनमध्ये लिहिलं होतं खरं. पण टूलनेच घर बदललं तर ते चालतं का, हे तिने कधी करून पाहिलं नव्हतं.

तिने बटण दाबलं. मामा ठिपक्यांवरून नजर हलवत नव्हते. लॅपटॉपवर तीन ओळी उमटल्या.

हव्यात: तीन.
आहेत: तीन.
करण्यासारखं काही नाही.

भिंगरीने टुणकन उडीच मारली. इतकं सुंदर वाक्य तिने जन्मात वाचलं नव्हतं.

"काही नाही म्हणजे?" बाईंनी विचारलं.

"म्हणजे सगळं आहे, बाई. शाबूत आहे."

बाईंनी ठिपक्यांकडे पाहिलं, बंद मशीनकडे पाहिलं, मग मामांच्या हातातल्या वायरकडे. "दुसऱ्या शाखेत सोळा जुन्या मशिनी धूळ खात पडल्यात," त्या म्हणाल्या. "उद्या इथे पाठवते. कुलपाचं राहू दे."

त्या गेल्यावरही मामा वायर धरून तसेच उभे होते. मग त्यांनी ती खाली ठेवली, खिशातलं मार्कर काढलं आणि पट्टीवरचा एक खोडून शेजारी ठसठशीत शून्य काढलं.

"भिंगरे," ते म्हणाले, "सोळा म्हणजे पंधरापर्यंतच ना गं?"