दार लावून ऐकलेलं

दर सोमवारी मालन न्हाऊन, धुवट लुगडं नेसून डोंबिवलीजवळच्या वाडीतून निघते आणि ठाण्याला नौपाड्यात जाते. कशाला? "काम हाय," एवढंच सांगते. नवरा भिवा मिठागरावर. चार-चार दिवस घरी नाही. नागरिकहो, खरं सांगा, तुमच्या मनात काय आलं?

भिवाच्याही तेच आलं.

वाडीचा निकाल: देवळापुढे पंच बसले. शंभर माणसं. पंच काळुरामने विचारलं, "नौपाड्यात कोन हाय गं तुजा?" मालन गप्प. गप्प म्हणजे गुन्हेगार! तिला माहेरी धाडलं.

मग १९५६ साली ठाण्याच्या कोर्टाचं समन्स आलं. मालनचा अर्ज: नवऱ्याने मला नांदवावं. भिवा आणखीच बिथरला. एवढं धाडस हिला शिकवलं कोणी?

न्यायाधीशांनी वकिलांना बाहेर थांबवलं. सोबत आलेल्या काळुरामलाही. दार लावलं.

"दार कशाला लावलाव, सायेब?" भिवा म्हणाला. "आमचे पंच उघड्यावर बसतात."

"उघड्यावर ही बोलली?"

"चोर कवा बोलतो काय!"

"बाई, इथे आपण तिघंच. बोला."

मालनने बंद दाराकडे एकदा बघून घेतलं.

"डॉक्टरनीकडं जात व्हते. पोर व्हावं म्हून. ती बोलली, तुज्यात खोट नाय. नवऱ्याला आन, त्याला तपासू."

"मंग पंचांपुढं का नाय बोललीस?"

"शंभर मानसांत? मिठागरावर तुमाला तोंड दाखवाया जागा ऱ्हायली असती?"

अरेरे! ज्याने तिच्यावर आळ घेतला, त्याचीच अब्रू ती झाकत होती!

भिवाची मान खाली गेली.

न्यायाधीश म्हणाले, "नवरा-बायकोचं भांडण चारचौघांत मांडलं की ज्याचा आवाज मोठा, तो जिंकतो. म्हणून कायदा आम्हाला सांगतो, आधी बसवून ऐका, जुळतंय का पाहा. निकाल मागाहून."

"निकाल नको, सायेब." भिवा मालनकडे वळला. "चल. डॉक्टरनीकडं दोघं जाऊ."

दार उघडलं. काळुराम दाराला कान लावूनच उभा!

"काय ठरलं रे आत?"

"ते आमच्या घरातलं हाय, काका."

नागरिकहो, कोर्टाची पायरी चढणाऱ्या बाईला 'घरबुडवी' म्हणण्याआधी थांबा. आपण सगळ्यांनी मिळून तिला गप्प बसवलं असेल. ती घर मोडायला गेलेली नसते. तिचं कोणीतरी ऐकून घ्यावं, म्हणून गेलेली असते.