अकरा किलोंचं खोकं

दारीहुनला बँडमधून काढायचं ठरलं होतं आणि ही बातमी तिच्याआधी अर्ध्या शिलाँगला लागली होती. तिला ती कळली बाजारात, ड्रमवाल्याच्या बायकोकडून, तेही बटाटे निवडता निवडता.

सतरा वर्षं ती बेस गिटार वाजवत होती. तिच्या बोटांत खोट काढायची कुणाची टाप नव्हती. खोट निघाली ती तिच्या स्पीकरच्या खोक्यात. चार स्पीकरचं ते धूड कपाटाएवढं, पंचेचाळीस किलोंचं, आणि तिचं घर जायॉमध्ये, रस्त्यापासून ब्याण्णव पायऱ्या खाली. घर सोडून ती जाणार कुठे? धाकटी लेक ती, खासींच्या रीतीने घर तिचं आणि घरातली आई सांभाळायचीही तिनेच. इतकी वर्षं भाऊ ते धूड वर चढवत होता. माघात त्याचं लग्न झालं आणि रीतीप्रमाणे तो बायकोच्या घरी, जोवाय गावात, नांदायला गेला. त्यानंतरच्या दोन कार्यक्रमांत बँडच्या मर्दांनी खोकं उचललं आणि कण्हत कण्हत महिनाभर तेच सांगत सुटले. आता ऑस्बर्टला, म्हणजे त्यांच्या म्होरक्याला, एक नवा पोरगा सापडला होता. त्याचं घर रस्त्यालगत होतं आणि दारात गाडी होती.

दारीहुन रडली नाही. तिला संताप आला. तिने ऑस्बर्टला फोन करून लायतुमख्राच्या वाद्यांच्या दुकानात बोलावलं. "आधी कानांनी ऐक," म्हणाली, "मग काढ."

ऑस्बर्ट आला तेव्हा तिने तीन छोटी खोकी निवडून ठेवली होती. दुकानदार शेम्फांगने दोघांना क्वाय, म्हणजे पान-सुपारी, दिलं आणि तो शहाण्यासारखा गल्ल्यामागे जाऊन बसला.

"यातलं कुठलं?" ऑस्बर्टने विचारलं.

"जे माझ्या पाठीवर बसेल ते." दारीहुनने दाराबाहेरून आपली खोह आत आणली. बाजाराची ती निमुळती टोपली आणि तिचा कपाळावर घ्यायचा पट्टा बघून ऑस्बर्टला हसू आवरेना. तो तिला काँग, म्हणजे ताई, म्हणायचा आणि ती त्याला बाह, म्हणजे दादा.

"काँग, गिटार वाजवायला चाललीस की कोबी विकायला?"

"कोबी विकणाऱ्या बाया तुझ्यापेक्षा दुप्पट उचलतात, बाह. आणि कण्हत नाहीत."

पहिलं खोकं टोपलीत शिरलंच नाही. दुसरं शिरलं, पण एका बाजूला झुकलं. तिसऱ्यात बारा इंची एकच स्पीकर होता, वजन अकरा किलो. ते नीट बसलं.

ऑस्बर्टने ते लगेच उचललं आणि दुकानाच्या मधोमध एका उंच स्टुलावर ठेवलं. "म्हणजे नीट ऐकू येईल," तो म्हणाला. दारीहुनने आपली बेस गिटार त्याला जोडली आणि तार छेडली. आवाज फुसका निघाला. ऑस्बर्टचा चेहरा खुलला.

"ट्रान्झिस्टर आहे गं हा! मैदानावर हजार माणसं असतील शनिवारी."

"तुझ्या गिटारला स्टूल चालतं. बेसला जमीन लागते आणि पाठीला भिंत." तिने खोकं खाली उतरवून भिंतीशी सरकवलं. "आणि तू असा खोक्याला चिकटून काय ऐकणार? खालचा सूर लांबून कळतो. समोर बिनाच्या टपरीपाशी जा."

"रस्त्यापलीकडे?"

"घाबरलास?"

तो गेला. टपरीवर जादोहचा मटणभात खाणारे चौघे माना वळवून बघू लागले. दारीहुनने डोळे मिटले आणि सगळ्यात जाड तार धरली. ज्या गाण्यात ऑस्बर्ट हटकून चुकायचा आणि ती त्याला सावरून घ्यायची, तेच गाणं तिने मुद्दाम निवडलं. सूर रस्ता ओलांडून गेला. टपरीतून बिनाचा आवाज आला, "अगं काँग, माझ्या बशा नाचायला लागल्या!"

ऑस्बर्ट मान खाली घालून परत आला.

"मोठ्याचं पोट याला नाही," दारीहुनच म्हणाली. तिला खोटं बोलून जिंकायचं नव्हतं. "तळाचा सूर थोडा बारीक येतो. तिथे मी बोटं जड ठेवीन. ते माझं काम, तू त्याची काळजी करू नकोस."

"बरं, ये शनिवारी." ऑस्बर्टने घसा खाकरला. "फक्त मागे ते मोठं खोकं ठेवू या. रिकामंच, दिसायला. एवढ्याशा डबड्याला लोक हसतील."

"हसू देत. सतरा वर्षं तुझ्या गाण्याला हसले नाहीत ना?"

शेम्फांगने गल्ल्यामागे तोंड लपवलं. दारीहुनने खोकं टोपलीत घातलं, गुडघे वाकवले, पट्टा कपाळावर घेतला आणि एका झटक्यात उभी राहिली. ऑस्बर्ट मदतीला पुढे झाला, तिने नजरेनेच त्याला थांबवलं.

"त्या पोराला फोन लाव."

"सांगतो ना रात्री निवांत."

"आत्ता. माझ्यासमोर."

"काँग, ओझं तरी खाली ठेव."

"तू बोलेपर्यंत नाही ठेवणार."

ती तशीच उभी राहिली. मानेची शीर ताठ झाली होती, पण पाय हलत नव्हते. टपरीवरचे चौघे आता दुकानाच्या दारात आले होते. ऑस्बर्टने फोन लावला.

"हॅलो... हां, शनिवारचं... अरे, आमचा विचार जरा बदलला—"

"विचार नाही," दारीहुन म्हणाली. "जागा रिकामी नव्हती, असं सांग. आणि कुणाची जागा, तेही सांग."

ऑस्बर्टने सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि मग फोनमध्ये, पूर्ण नाव घेऊन, सांगितलं.