सुगंधाबाईंना कळलेला शब्द

राजुऱ्याला स्वाती घराच्या पुढच्या खोलीत इंग्रजी बोलण्याचे क्लास घ्यायची. सासू सुगंधाबाई दाराशी तुरीच्या शेंगा सोलत बसायच्या. ऐकून ऐकून त्यांनाही बरेच शब्द कळू लागले होते.

त्या दिवशी जुन्या वळणाच्या माणसांना इंग्रजीत काय काय म्हणतात, ते चाललं होतं. फॉसिल म्हणजे दगड होऊन बसलेला. स्टिक-इन-द-मड म्हणजे चिखलात रुतलेली काठी, जागची न हलणारी. "आणि काळ संपला तरी ज्याला ते कळत नाही, तो डायनोसॉर," स्वाती म्हणाली. पोरं हसली.

सुगंधाबाईंचे हात थांबले. सकाळीच स्वाती फोनवर बहिणीला म्हणाली होती, "माय मदर-इन-लॉ इज अ डायनोसॉर." 'मदर-इन-लॉ' तेव्हाच कळलं होतं. पुढचं आत्ता कळलं.

पोरं गेल्यावर त्यांनी विचारलं, "जुन्या मानसाले इंग्रजीत एखादा चांगला शब्द नाई का?"

"आहे ना. विंटेज. क्लासिक."

"ते तं गाडीले म्हनते, साडीले म्हनते. मानसाले?"

"असं काऊन विचारता, आई?"

"सकाळी तू मले डायनोसॉर म्हनली म्हनून."

स्वातीचा चेहरा उतरला. भांडण तिच्या मुलीच्या, नूतनच्या लग्नाचं होतं. नूतनला हळदीचा कार्यक्रम हवा होता. पिवळे कपडे, फुलांचे दागिने, डीजे. सुगंधाबाईंनी साफ नाही म्हटलं होतं.

"रागात बोलली मी, चुकलं," स्वाती म्हणाली. "पण तिच्या सगळ्या मैत्रिणींची हळद झाली. आपलीच पोरगी मागं काऊन राहावी? तुम्ही जुनं धरून बसता."

"जुनं?" सुगंधाबाईंनी सूप बाजूला सारलं. "माझ्या बापानं छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. माझ्या लग्नात हळद नाई, मुहूर्त नाई, हुंडा नाई. पांढरं लुगडं नेसून उभी राह्यली मी. लोक म्हने, हे काय नवीन खूळ? सख्खी मोठी आई, बापाची वहिनी, जेवाले आली नाई. बाप रडला, पन हळद लावू देल्ली नाई. आमी नवे होतो तवा. आता तेच जुनं झालं, अन् हळद नवी झाली."

आतल्या दारात नूतन उभी होती. "आजी, हे मले कधी सांगितलं नाई तू."

"नाई सांगितलं," सुगंधाबाई म्हणाल्या. "नुसती नाई नाई करत राह्यली. काऊन, ते सांगाचं राहूनच गेलं."

नूतनने लगेच काही कबूल केलं नाही. दोनचार दिवस ती कोणाशी धड बोललीही नाही. पिवळा घागरा घेऊन झाला होता. मग एकदा नवऱ्यामुलाला, संघपालला, तिने फोन लावला आणि बराच वेळ बोलून हळद रद्द केली. डीजे मात्र त्याच्या मित्रांनी आणलाच.

लग्न विहारात झालं. नूतनची पांढरी साडी भरजरी होती, सुगंधाबाईंना जरा जास्तच वाटली. जेवणं झाल्यावर डीजे सुरू झाला, तशा त्या कानाला पदर लावून मंडपाच्या टोकाला जाऊन बसल्या. स्वाती बुंदीची प्लेट घेऊन शेजारी येऊन बसली.

"लय आवाज आहे ना? घरी सोडू का?" ती ओरडून म्हणाली.

"नको," सुगंधाबाई म्हणाल्या. "पोरगी नाचून राह्यली. पाहू दे मले."