तुळजाबाईचा हौद

मागच्या खोलीतली ओल तुळजाबाईला दिसत नव्हती असं नाही. रोज दिसत होती, फक्त बघायची नव्हती. भिंतीला कमरेइतक्या उंचीपर्यंत पोपडे धरले होते, कोपऱ्यात काळी बुरशी चढली होती आणि दार उघडलं की कुबट वास नाकात शिरायचा. तिनं तिथं कपाट सरकवलं. ओल कपाटामागं सुखानं नांदू लागली.

खोली सुनेची. वर्षाराणी बाळंतपणाला कळंबला माहेरी गेली होती. मुलगी झाली, दोन महिने उलटले, पण पोरीच्या छातीत घरघर होती आणि ओल असलेल्या खोलीत बाळ ठेवायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. घर दोनच खोल्यांचं. पुढच्या खोलीत स्वयंपाक आणि आल्यागेल्याची बसउठ. सून फोनवर गोड बोलायची, पण मुद्दा सोडायची नाही. "आत्याबाई, भिंत वाळली की त्याच दिवशी निघते." तुळजाबाईनं नात अजून हातात घेतली नव्हती. कळंबला जाऊन यावं, तर नेमका तेव्हाच नळ यायचा, ही धास्ती.

बलभीम मिस्त्रीनं दिवाळीतच गच्चीचा फुटका पाइप बदलला होता, बाहेरच्या गिलाव्याच्या भेगा बुजवल्या होत्या, भिंतीला टेकलेली माती उचलून जोतं मोकळं केलं होतं. आता फाल्गुन लागला. आभाळात ढग नाही, तरी भिंत ओली ती ओलीच. बलभीम बाहेरून भिंत चाचपत निघाला आणि हौदापाशी थांबला.

हौद त्याच भिंतीला चिकटून, कमरेइतका. गावात नळ आठवड्यानं येणार, तोही मर्जी झाली तर. मुलगा श्रीनाथ लहान असताना, दुष्काळाच्या साली, तो तापानं फणफणला होता आणि घरात घोटभर पाणी नव्हतं. तुळजाबाई घागर घेऊन एका दारात गेली. आतून आवाज आला, उद्या या. त्यानंतर ती कुणाच्याच दारात पाणी मागायला गेली नाही. त्याच उन्हाळ्यात डोक्यावर विटा वाहून तिनं हौद बांधून घेतला. तो भरलेला असला की तिचा जीव जागेवर असायचा.

"काकू, हौद गळतोय का?"

"न्हाय. वीस वर्सं झाली, एक थेंब गेला न्हाय."

हे धादांत खोटं होतं. रोज चार बोटं पाणी उतरायचं. वर पत्रा झाकलेला असूनही ती ते उन्हाच्या नावावर खपवायची.

बलभीमनं पत्रा उचलला. पाण्याच्या पातळीला कोळशानं रेघ ओढली. "आज पाणी काढू नका. दिवस मावळता येतो."

दिवसभर तुळजाबाईचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. भाकरी करपली. पत्रा उचलायची, बघायची, झाकायची, परत उचलायची. दुपारी पाणी रेघेखाली दोन बोटं गेलं, तेव्हा तिच्यानं राहवेना. घरातल्या पिंपातून बादल्या आणून तिनं हौदात ओतल्या.

संध्याकाळी बलभीमनं पत्रा उचलला. पाणी रेघेच्या वर होतं, चांगलं बोटभर.

"गळणारे हौद लई बघितले, काकू," तो म्हणाला. "पान्हा फुटलेला पयलाच."

तुळजाबाईला हसू आलं आणि त्याच्या पाठोपाठ रडू. "मला नात पायजे," ती म्हणाली. "आन् हौद बी पायजे."

"दोन्ही न्हाय जमायचं. भिंतीला भिडलेला हौद कितीबी लिंपला तरी परत पाझरंल. पाडायलाच लागतोय. प्लास्टिकची टाकी बसवू, भिंतीपासून लांब."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनंच सांगितलं, पाडा. पण एक थेंब गटारीत जाऊ दिला नाही. गल्लीतल्या बायांना घागरी आणायला लावल्या आणि सांडू नका म्हणून प्रत्येकीवर खेकसली. पहिला घाव पडला तेव्हा ती घरात जाऊन बसली.

भिंत वाळायला सव्वा महिना लागला. तुळजाबाई दिवसातून दहादा तिला गाल लावून बघायची. शेवटी तिनं फोन केला, "ये गं."

वर्षाराणी आली त्या दिवशी नळ जाऊन बारा दिवस झाले होते. कुठंतरी लाइन फुटली होती. नवी टाकी हौदाच्या निम्मी, तिच्या तळाला नुसता गाळ. श्रीनाथ कामावर. नात आजीच्या हातात आली ती घामानं चिकटलेली, अंगावर दूध ओकलेली, रडून लालबुंद. "आधी न्हाऊ घालू या, आत्याबाई," सून म्हणाली.

तुळजाबाईनं नात सुनेकडे दिली, घागर उचलली आणि शेजारच्या शिवकांताच्या दारात गेली. हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. ती माघारी वळली, दोन पावलं गेली, परत आली.

"शिवकांता, नात आलीया माझी. घागरभर पाणी दे गं."

शिवकांतानं बाहेर येऊन घागर हातातून घेतली. "एवढ्याशा लेकराला गार पाणी घालता व्हय? तापवून देते. थांबा."

तुळजाबाई उंबऱ्याशी रिकाम्या हातानं थांबली. थांबणं तिला जड जात होतं. पण तिच्या घरात लेकरू रडत होतं, म्हणून ती थांबली.