सुरकुतीचं बी

बायको गेल्यापासून लिफ्ट-मेकॅनिकच्या घरात सगळं वेळच्या वेळी होत होतं. फक्त त्याला काही जाणवत नव्हतं. समोरचा चहा थंड व्हायचा, तो तसाच प्यायचा. लोक धीर द्यायला येत, तो मान हलवी.

गच्चीवर बायकोनं लावलेले टोमॅटो होते. तिच्या सासूकडून तिच्याकडे आलेलं जुनं वाण. फळ चपटं, खोल घड्यांचं, पिकलं तरी देठाशी हिरवट. घरात त्याला सुरकुती म्हणत. दरवर्षी बी धरायचं आणि मुलाकडे पाठवायचं, असा शिरस्ता. लेकीला कधी नाही. लेक दुसऱ्या घरची, घरचं वाण घरातच राहावं, असं तोच म्हणायचा.

जवळच राहणारी लेक आता रोज दवाखान्यातली ड्युटी आटोपून गच्चीवर यायची. पानांच्या बेचक्यातले फुटवे खुडायची, फांद्या काठीला सैल बांधायची, पानं न भिजवता बुडाशी पाणी घालायची. तो पायरीवर बसून नुसता बघायचा.

एकदा मुलाचा फोन आला. बापानं विचारलं, "सुरकुतीचं बी आहे ना रे तुझ्याकडे?"

"ते केव्हाच गेलं, बाबा. कुंड्याच काढून टाकल्या आम्ही. बाजारात मिळतात की टोमॅटो!"

राग यायला हवा होता. तोही आला नाही. गच्चीवर जाऊन त्यानं लेकीला विचारलं, "हे सगळं तुला कुणी शिकवलं?"

"आईनं." तिचे हात थांबले नाहीत. "करायला शिकवलं. न्यायची परवानगी नव्हती."

"मग मागायचंस ना!"

"मागितलं होतं, बाबा. तुम्ही हसलात. म्हणालात, सासरी टोमॅटो मिळत नाहीत का?"

त्याला आठवेना. एवढंसुद्धा आठवत नव्हतं! बधिर पायाला मुंग्या याव्यात तसं छातीत काहीतरी झालं.

त्यानं सगळ्यात पिकलेलं फळ तोडून तिच्यापुढे धरलं. "दाखव मला."

तिनं गर ग्लासात पिळला, पाणी घातलं. दोन-तीन दिवसांनी त्यावर फेस आला, बी तळाला बसलं, तेव्हा दोघांनी ते धुऊन थाळीत पसरलं. वाळल्यावर त्यानं सगळंच्या सगळं तिच्या ओंजळीत ओतलं.

"अर्धं इथं राहू दे," ती म्हणाली. "माझं गेलं तर तुमच्याकडे मागेन. तुमचं गेलं तर तुम्ही मागा."

"देशील?"

"विचारताय काय, बाबा!"

मंडळी, लेकीचे कष्ट आपण हक्कानं घेतो आणि वाटा द्यायची वेळ आली की ती परकी होते. आपापल्या घरात तिचं काय अडवून ठेवलंय, ते एकदा बघा. ती पुन्हा मागेल म्हणून थांबू नका. बहुतेक लेकी एकदाच मागतात.